'मी रात टाकली' मधली बाई नक्की काय काय टाकते?

ओसरी
जैत रे जैत मधलं हे गाणं ऐकलं नाही असा मराठी माणूस सापडणं अवघड. हल्ली तर हळदीला, सोसायटीच्या गणपतीत, शाळेच्या गॅदरिंगला सगळीकडे त्यावर डान्स बसवलेला असतो, नऊवारीतल्या सातआठ जणी मस्त गिरक्या घेतात आणि समोर सासूबाई, मामेसासूबाई, आत्तेसासूबाई टाळ्या वाजवत बसलेल्या असतात. मला दरवेळी प्रश्न पडतो की यातल्या किती जणींनी तिसरी ओळ ऐकलीये. 'मी मुडक्या संसाराची बाई लाज टाकली'. हळदीच्या दिवशी!! उद्या जिचा संसार सुरू होणार तिच्या डोळ्यांदेखत.

ज्यांनी पिक्चर पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९७७ चा सिनेमा, दिग्दर्शक जब्बार पटेल, गोनीदांची कादंबरी, गाणी ना. धों. महानोरांची, संगीत हृदयनाथ मंगेशकर. कर्नाळ्याच्या बाजूची ठाकरवाडी. चिंधी म्हणजे स्मिता पाटील, तिचं लग्न झालंय, नवरा आवडत नाही म्हणून सोडून आलीये, आणि ढोल वाजवणाऱ्या नाग्यावर (मोहन आगाशे) तिचा जीव जडलाय. नाग्याचं लक्ष मात्र डोंगरावरच्या राणी माशीकडे, जिच्यामुळे त्याचा डोळा गेला तिचा सूड घ्यायचाय त्याला.

आता मला जे म्हणायचंय ते. या गाण्यातला क्रम बघा. आपल्याकडच्या बहुतेक प्रेमगीतांत आधी तो येतो आणि मग ती फुलते, मोकळी होते, तिला पंख फुटतात वगैरे. म्हणजे मोकळेपणा त्याने आणून दिलेला, साडी आणावी तसा. इथे उलटं आहे. पहिल्यांदा रात, मग कात, मग लाज, सगळं तिचं तिने टाकलेलं. मग पंख, मग आभाळ, मग चांदणं. इथपर्यंत तो कुठेच नाही! ढोलिया येतो तो यानंतर. म्हणजे ती आधी मोकळी झालीये आणि मोकळ्या बाईने प्रेम केलंय. आणि ती संसार टाकला म्हणत नाहीये, संसाराची लाज टाकली म्हणतेय. नवऱ्याला तर तिने आधीच सोडलाय. पण नवरा सोडून आलेली बाई माहेरी येऊन मान खाली घालून बसते ना, ती मान वर करायचं हे गाणं आहे असं मला वाटतं. बघा पटतंय का.

उनाड_पारवा
मस्त धागा. एक क्षुद्र शंका: ती स्वतःला 'मुक्त मोरनी' म्हणते, पण पिसारा आणि नाच दोन्ही मोराकडे असतात, लांडोर बिचारी करड्या रंगाची, बाजूला दाणे टिपत असते. महानोर तर शेतकरी माणूस, त्यांना हे माहीत नसेल होय?

ओसरी
माहीत असणारच की. गाण्यात मोरनी नाचत नाहीये, चांदण्यात न्हातेय. नाच तुम्ही हळदीच्या स्टेजवर पाहिला असेल :)

तिखटमीठ
ओसरीताई, लिहिलंय छान पण मला नाही पटलं. पुढची ओळ सोयीस्करपणे गाळलीत तुम्ही. 'मी भिंगरभिवरी त्याची गो माल्हन झाली'. त्याची!! एवढं सगळं टाकून बिकून, आभाळ पांघरून शेवटी पोचली कुठे, तर त्याच्या नावावर. एक मालक गेला, दुसरा आला, फक्त हा ढोल छान वाजवतो. आणि लिहिणारा पुरुष, चाल लावणारा पुरुष, कादंबरीवाला पुरुष, दिग्दर्शक पुरुष. बाईने स्वतःच्या स्वातंत्र्याचं गाणं लिहिलं असतं तर त्यात 'त्याची' हा शब्द आला असता का?

आणि शेवटी होतं काय? नाग्या पोळं उतरवतो, जिंकतो, आणि चिंधी मरते. पिक्चरचं नाव 'जैत' म्हणजे विजय, आणि त्या विजयाची किंमत कोणी दिली तर जिने लाज टाकली तिने.

मधली_आळी
तिखटमीठ +१

जुना_रेडिओ
पुरुषांनी बाईच्या तोंडी गाणी घालणं ही आपल्याकडे फार जुनी गोष्ट आहे. राम जोशी, होनाजी बाळा, परशराम, प्रभाकर, सगनभाऊ, या सगळ्या शाहिरांच्या लावण्या बघा, बोलणारी बाई, लिहिणारा बाप्या आणि ऐकणारे फेटेवाले. तिथली बाई धीट वाटते खरी पण तो धीटपणा समोर बसलेल्याला हवा तेवढाच असतो. पुढे सिनेमात तेच. 'बुगडी माझी सांडली गं' घ्या, सांगत्ये ऐका, १९५९, गदिमा. शब्द काय, ठसका काय, तोड नाही. पण ती बाई काय म्हणतेय? बुगडी साताऱ्याच्या वाटेवर पडली, कोणी म्हाताऱ्याला चुगली करू नका. म्हणजे मजा केली पण चोरून, आणि सगळ्या गाण्याची गंमत त्या चोरीत आहे. पकडली जाईल का नाही जाईल. चिंधीच्या गाण्यात चुगलीची भीतीच नाही कारण लपवायला काही ठेवलेलंच नाही. वाडीसमोर, उघड्यावर, कोरससकट. १९५९ ते १९७७ या अठरा वर्षांत एवढा फरक पडला असं म्हणायचं का मला कळत नाही, कारण एक तमाशातली बाई आहे आणि एक आदिवासी बाई. दोघी आपल्या 'घरातल्या' नाहीत. हे जरा लक्षात घ्या.

रानहळद
जुना_रेडिओ काका, शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं लिहिलंत, त्यावर येते मी नंतर.

आधी तिखटमीठला उत्तर. बाईने लिहिलं असतं तर 'त्याची' आलं असतं का असं विचारलंस ना, तर आलं असतं, आलेलं आहे, सातशे वर्षांपूर्वी. जनाबाई. 'डोईचा पदर आला खांद्यावरी, भरल्या बाजारी जाईन मी'. पदर खांद्यावर, हातात टाळ, खांद्यावर वीणा, आता मला कोण अडवतो म्हणते. नामदेवाच्या घरची दासी ही, दळणकांडण करणारी. आणि अभंग संपतो कुठे? मी वेसवा (वेश्या) झाले आणि केशवा तुझ्या घरी निघाले! बघ, तोच नकाशा आहे. आधी लाज जाते, मग बाजारात उघड येणं, मग 'तुझं घर'. म्हणजे ही 'त्याची' होण्याची भानगड फक्त पुरुष कवींनी बाईवर लादलेली आहे असं नाही म्हणता येणार. जिला स्वतःचं म्हणून घरच नाही, जी जन्मभर कोणाच्या तरी दारात राबतेय, तिला मोकळं व्हायचं म्हणजे कुठेतरी जायचं असतं, आणि जायला जागा कोणाची तरी असते. जनीने विठ्ठल निवडला, चिंधीने ढोलिया. निवड तिची आहे हे मोठं.

तिखटमीठ
विठ्ठलाची आणि नाग्याची तुलना? विठ्ठल दळू लागतो जनीला. नाग्याला राणी माशीपुढे दुसरं काही दिसत नाही. तिने लाज टाकली, याने सूड टाकला नाही, म्हणून मेली ती. निवड तिची हे मान्य, पण मग निवड चुकली असं तरी म्हणा.

रानहळद
हाहा, दळू लागतो हे मान्य करावंच लागेल.

चुकली म्हणायला तयार आहे मी. पण चुकायचा हक्क असणं हेही स्वातंत्र्यच ना? पहिला नवरा तिने निवडला नव्हता, आणि तो तिचा चुकलेला निर्णयसुद्धा नव्हता, दुसऱ्यांचा होता.

काळा_कोट
इथे कायद्याचा मुद्दा आणतो, कंटाळा आला तर पुढे जा. चिंधी नवरा सोडून येते आणि दुसऱ्याबरोबर राहायचं म्हणते हे बघून शहरी प्रेक्षकाला वाटतं केवढी बंडखोर. पण बऱ्याच आदिवासी जमातींत आणि शेतकरी, कारागीर जातींत काडीमोड आणि पाट (बाईचं दुसरं लग्न) ही जुनीच व्यवस्था. पाटाला कुठे मोहतूर म्हणतात. नवरा पसंत नाही तर पंचांसमोर काडी मोडायची, पहिल्या नवऱ्याने दिलेलं देज (वधूमूल्य) परत करायचं, बाई मोकळी. ब्राह्मणी वळणाच्या घरांत मात्र हिंदू बाईला घटस्फोटाचा हक्क कायद्याने मिळाला तो मुंबई प्रांतात १९४७ ला आणि देशभर हिंदू विवाह कायदा १९५५ मध्ये. आणि गंमत म्हणजे तो कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागूच होत नाही, कलम २(२), केंद्र सरकारने तशी अधिसूचना काढली तरच. तिथे आजही रूढी चालते.

म्हणजे ज्याला आपण गाण्यातलं बंड समजतोय ते चिंधीच्या समाजात व्यवहारात होतं. फक्त ते फुकट नव्हतं. देज परत करायला पैसा लागतो, तो बापाकडे नसेल तर जो नवा नवरा करणार तो भरणार. म्हणजे मोकळं व्हायला एक पुरुष लागतोच, पैशासाठी. तिखटमीठ यांचा 'एक मालक गेला दुसरा आला' हा मुद्दा मला या बाजूने जास्त पटतो, गाण्याच्या शब्दांपेक्षा.

मधली_आळी
बापरे हा अँगलच माहीत नव्हता. म्हणजे लाज टाकणं सोपं, देज फेडणं अवघड.

काळा_कोट
आणि हे फक्त डोंगरातलं नाही. रखमाबाईंची केस आठवा, मुंबई हायकोर्ट. अकराव्या वर्षी लग्न, नंतर नवऱ्याकडे नांदायला जायचं नाही म्हणाल्या. नवऱ्याने १८८४ मध्ये दावा लावला. पहिला निकाल रखमाबाईंच्या बाजूने, मग अपील, आणि मार्च १८८७ मध्ये कोर्टाने सांगितलं नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्या म्हणाल्या तुरुंगात जाते! शेवटी मिटलं कसं, तर १८८८ मध्ये नवऱ्याने दोन हजार रुपये घेऊन दावा सोडला. १८८८ चे दोन हजार. पुढे त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या, सुरत, राजकोटला काम केलं. पुन्हा लग्न केलं नाही. तर मुंबई असो नाहीतर ठाकरवाडी, नको असलेल्या नवऱ्यापासून सुटायला बाईच्या बाजूने पैसे मोजले जातात.

ओसरी
काळा_कोट, हे भारी आहे, धन्यवाद. आणि रखमाबाईंच्या आईचं दुसरं लग्न झालेलं होतं, सुतार समाजात ते चालायचं. म्हणजे आईला जे रूढीने मिळालं त्यासाठी लेकीला कोर्टात उभं राहावं लागलं. मला वाटतं लाज ही अशी वर वर सरकत जाते. जात, पैसा, शिक्षण, प्रतिष्ठा वाढली की लाज पण वाढते. केसरीने त्या वेळी रखमाबाईंवर किती तोंडसुख घेतलं होतं ते आठवत असेलच.

पण तिखटमीठ, एक विचारायचंय. तुझ्या मते बाईच्या स्वातंत्र्याचं खरं गाणं कसं असेल? ज्यात 'तो' नाहीच असं?

तिखटमीठ
हो. तो नाहीच असं. आणि ते मराठीत आहे. बहिणाबाई.

सगळे 'अरे संसार संसार' वर थांबतात, हाताला चटके, भाकर, सोशिक बाई, पाठ्यपुस्तकाला एकदम फिट. पण त्यांनी नवरा गेल्यावर लिहिलेली कविता बघा. तिशीच्या आसपासचं वय, पदरी मुलं. आयाबाया घरी येऊन गळे काढतायत, आणि ही म्हणते 'नका नका आयाबाया, नका करू माझी कीव, झालं माझं समाधान, आता माझा माले जीव'. आता माझा माले जीव!! माझा जीव आता मलाच. ढोलिया नाही, विठ्ठल नाही, पंख नाहीत, चांदणं नाही. शोकाच्या घरात बसून बाई सांगतेय माझी कीव करू नका. अक्षरओळख नव्हती त्यांना, मुलाने आणि भाच्याने ऐकून उतरवून ठेवलं म्हणून आपल्याला मिळालं. आणि यावर कोणी हळदीला नाचणार नाही, म्हणूनच मला ते जास्त खरं वाटतं.

जुना_रेडिओ
क्या बात. पण तिखटमीठ, त्याच कवितेत कुंकू पुसलं, आता गोंदण तेवढं उरलं अशी पण ओळ आहे. ते दुःखही तिथेच आहे हो. तुम्ही 'आता माझा माले जीव' एकटं उचललंत तर तुम्ही पण तेच करताय जे ओसरीबाईंनी 'त्याची' गाळून केलं असं तुम्ही म्हणालात.

तिखटमीठ
दुःख आहेच, मी कुठे नाही म्हटलं. दुःखात उभी राहिलीये ती, दुःखावर नाही. बरं राहू दे, एवढं मान्य की दोन्ही ओळी एकत्र वाचल्या पाहिजेत.

सावली२२
मी वाचनमात्र असते पण राहवलं नाही. जात्यावरच्या ओव्यांबद्दल कोणीच बोललं नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून गोळा केलेल्या एक लाखाच्या वर ओव्या आहेत, पारीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) साइटवर ऐकायला मिळतात, गाणाऱ्या बायकांच्या आवाजात. तिथे पुरुष कवी नाही, चाल लावणारा नाही, समोर फेटेवाला नाही, पहाटे दळताना बाई आणि तिचं जातं. तर तिथे स्वातंत्र्य कसं येतं माहितेय का? सोडून जाण्याच्या गोष्टी फारशा भेटत नाहीत. भाऊ आहे, माहेरची वाट आहे, आई आहे, सीतेच्या वनवासावर तर ढीगभर आहेत. बाईचा जन्म नको देऊ देवा, रात्रंदिवस परक्याची ताबेदारी, असं सरळ म्हटलंय. म्हणजे बेडी कुठे आहे ते त्यांना पक्कं माहीत होतं. पण 'मी टाकली' असं म्हणायची सोय नव्हती, कारण दळून झाल्यावर त्याच घरात चूल पेटवायची होती. सीतेवर एवढं का गायल्या असतील? सासूसमोर सीतेचं नाव घेऊन रडता येतं, स्वतःचं घेऊन नाही.

मला वाटतं 'मी रात टाकली' मधला 'मी' ओवीत सापडत नाही, आणि तो महानोरांनी दिला. पुरुषाने दिला म्हणून खोटा होत नाही. पण बाईच्या तोंडून आपोआप आला असंही नाही.

ओसरी
सावली, अगं वाचनमात्र काय राहतेस, हे सगळ्यात चांगलं लिहिलंस. सासूसमोर सीतेचं नाव घेऊन रडता येतं, हे तर खासच.

उनाड_पारवा
लांडोरीवरून सुरुवात केली होती मी, कुठे पोचला धागा. माझ्याकडून आता फक्त पॉपकॉर्न.

रानहळद
मघाशी म्हटलं होतं ना काकांच्या 'घरातल्या नाहीत' वर येते. जब्बार पटेल आणि स्मिता पाटील, हीच जोडी, पाच वर्षांनी उंबरठा करते. १९८२. तिथे सुलभा महाजन, शिकलेली, चांगल्या घरातली, नोकरीसाठी घर सोडून जाते, महिलाश्रम चालवते. नवरा मारझोड करणारा नाही, घर वाईट नाही. जायची इच्छा आहे म्हणून जाते, आणि परत येते तेव्हा तिच्या जागेवर दुसरी बाई असते. आता सांगा या बाईला गाणं कोणतं मिळालं? 'सुन्या सुन्या मैफिलीत माझ्या', सुरेश भटांची गझल. अप्रतिम आहे, वादच नाही. पण आदिवासी बाई नवरा सोडते तेव्हा ढोल वाजतो आणि शिकलेली बाई घर सोडते तेव्हा गझल, ओलावलेले डोळे, अंधारी खोली. तीच नटी, तोच दिग्दर्शक!

याचं कारण मला असं वाटतं की चिंधीचं टाकणं आपल्याला परवडतं. ती लांब डोंगरात आहे, तिच्या कमरेला फडकं आहे, ती आपली सून नाही. तिच्या मोकळेपणावर आपण टाळ्या वाजवू शकतो. सुलभा आपल्या शेजारच्या फ्लॅटमधली आहे, तिच्या जाण्यावर नाचायचं गाणं लिहिलं असतं तर थिएटरात अर्ध्या लोकांना बसवलं नसतं.

जुना_रेडिओ
अर्धं पटलं. पण सुलभाला ढोलाचं गाणं दिलं असतं तर ते खोटं झालं असतं हो. तिची मुलगी मागे राहिली आहे. चिंधीला मागे ठेवण्यासारखं काही नव्हतं, म्हणून ती नाचू शकते. यात जात, वर्ग आहेच पण मूल पण आहे. मूल असलेल्या बाईने घर सोडल्याचं आनंदी गाणं मराठीत मला तरी आठवत नाही. कोणाला आठवत असेल तर सांगा, मनापासून विचारतोय.

मधली_आळी
नाही आठवत. वडील घर सोडून पंढरीला, हिमालयात, देशसेवेला गेले की पोवाडे निघतात, त्यांची मुलं मागे राहिलेली कोणी मोजत नाही.

तिखटमीठ
मधली_आळी, आज पहिल्यांदा +१ सोडून काही लिहिलंस आणि बारच उडवलास.

काळा_कोट
ताबा अर्जांत हेच बघतो मी. बाप बाहेरगावी नोकरीला असला तर 'कामानिमित्त', आई असली तर 'मुलाला टाकून'. टाकून हाच शब्द असतो कागदावर.

ओसरी
म्हणजे चिंधी जे अभिमानाने म्हणते तेच क्रियापद अर्जात आरोप म्हणून येतं.

बरं, हळदीच्या डान्सचं काय ते राहिलंच. माझी भाची पुढच्या महिन्यात याच गाण्यावर नाचणार आहे, स्वतःच्याच हळदीला, नवरी स्वतः. तिला मी तिसऱ्या ओळीचा अर्थ सांगितला. ती म्हणाली मावशी मला माहितेय, म्हणूनच घेतलंय, सासूबाई मराठी मीडियमच्या आहेत, त्यांना आत्ताच कळलेलं बरं.

उनाड_पारवा
मावशी, व्हिडिओ टाका प्लीज. सासूबाईंचा.